हेडरचा व्यास इंजिनाला विचारून ठरवावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकेतील जुन्या ड्रॅग रेसिंगच्या, म्हणजे सरळ रस्त्यावर पाव मैलाची (402 मीटर) शर्यत लावणाऱ्या गाड्यांवर आलेला लेख वाचनीय होता. परंतु हेडरबद्दलचे, म्हणजे सिलिंडरांतून धूर बाहेर नेणाऱ्या पाइपांच्या संचाबद्दलचे, ‘एक्झॉस्टचा पाइप जितका जाड, तितकी ताकद अधिक’ हे त्यातील सरसकट विधान तपासून घ्यायला हवे होते. सोबतच्या छायाचित्रात वर वळवलेले आठ सुटे, आखूड पाइप दिसतात, ते नायट्रोमिथेन या इंधनावर चालणाऱ्या, सुपरचार्जर लावलेल्या ड्रॅगस्टरचे (खास या शर्यतीच्या गाडीचे) आहेत. तिथे हवा दाबाने आत ढकलली जात असल्याने सिलिंडर रिकामा करायला पाइपाच्या मापाची फारशी मदत लागत नाही. टायरचा धूर आणि रबराचा कचरा बाजूला उडावा व वायूच्या झोताने मागची चाके जमिनीवर दाबली जावीत, यासाठी ते पाइप वर वळवलेले असत. साध्या कार्ब्युरेटरच्या इंजिनावर त्यांची नक्कल केली तर फसगत ठरलेली.

साध्या इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडताच दाबाची लाट पाइपातून धावते, पाइप जिथे कलेक्टरमध्ये, म्हणजे एका बाजूचे सगळे पाइप एकत्र येतात त्या जाड नळीत, उघडतो तिथून कमी दाबाची लाट होऊन उलट फिरते आणि मिश्रण आत घेणारा आणि धूर सोडणारा असे दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकदम उघडे असताना परत पोहोचली, तर उरलासुरला धूर ओढून नव्या मिश्रणाला वाट करून देते. ही वेळ साधते लांबीमुळे. वायूचा वेग टिकतो व्यासामुळे. ‘थोडे बॅक प्रेशर (धुराला मागे रेटणारा दाब) हवेच’ हा लेखातील समजही चुकीचा आहे. अडथळा कोणत्याच इंजिनाला नको असतो. बारीक पाइपाने कधी फायदा होतो तो वाढलेल्या वेगामुळे. आपल्याकडे दुचाकीचा सायलेन्सर काढून गल्ली दणाणून सोडणाऱ्यांनाही हे कोणी तरी सांगायला हवे.

उदाहरणादाखल 1955 ची शेव्हरोले आणि त्यात नंतर बसवलेले, 1957 साली आलेले 283 घनइंची व्ही-8 इंजिन घेऊ. एका सिलिंडरचे आकारमान 35.4 घनइंच. पाइपाच्या आतल्या छेदाचे क्षेत्रफळ चौरस इंचांत काढून त्याला 88,200 ने गुणावे व 35.4 ने भागावे, की तो पाइप इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांना सर्वाधिक टॉर्क (फिरवण्याचा जोर) देईल याचा ढोबळ अंदाज येतो. 18 गेज जाडीच्या पत्र्याच्या नळीत, बाहेरून एक इंच पाच सूत व्यासाला हे उत्तर मिनिटाला सुमारे 4,550 फेरे येते, पावणेदोन इंचाला 5,350 आणि दोन इंचाला 7,100. आता 2.20, 1.64, 1.28 आणि 1.00 अशा गुणोत्तरांचा चार गिअरचा बॉक्स धरला आणि 7,000 फेऱ्यांवर गिअर बदलला, तर दुसऱ्यात इंजिन 5,200 वर उतरते व चौथ्यात साधारण 5,450 वर. म्हणजे सुटतानाचा क्षण सोडला तर 402 मीटरची जवळजवळ सगळी धाव याच पट्ट्यात होते, आणि तिला पावणेदोन इंची पाइपच शोभतो. दोन इंची पाइप दिसायला भारदस्त असेल, पण दर गिअरला इंजिन ढेपाळेल.

लांबीचे जुने सूत्रही सोपे आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पिस्टन तळाला पोहोचण्याआधी क्रँकशाफ्टच्या फिरण्यातले 70 अंश उघडत असेल, तर 180 मिळवून 250 होतात. त्यांना 850 ने गुणून वरच्या पट्ट्यातल्या 6,000 फेऱ्यांनी भागावे व 3 वजा करावेत, म्हणजे सुमारे 32 इंच येतात. डाव्या बाजूला स्टिअरिंग बॉक्स आडवा येत असल्याने आठही पाइप तंतोतंत सारखे होणे कठीण असते, आणि इंच-दोन इंचांच्या फरकासाठी नळीला करकचून वळण देण्यात शहाणपण नाही. त्याच बाजूचे 5 आणि 7 क्रमांकाचे सिलिंडर केवळ 90 अंशांच्या अंतराने पेटतात, तेव्हा चारही पाइप कलेक्टरमध्ये पेटण्याच्या क्रमाने गोलाकार लावलेले बरे. शेवटचे वेल्डिंग करण्याआधी प्रत्येक स्पार्क प्लगला पाना लागतो ना, हे गाडीवरच पाहावे. नाही तर एका प्लगसाठी अख्खे हेडर उतरवावे लागते.

कलेक्टरची लांबी मात्र कागदावर ठरवू नये. तो मुद्दाम लांब ठेवून त्यावर रंगाचा पट्टा ओढायचा, पूर्ण वेगाने एक धाव घेऊन लगेच इंजिन बंद करायचे, आणि रंग जिथवर जळला असेल तिथे कापायचे, ही तिथल्या जुन्या मंडळींची रीत आजही चालते.

आपला,
एक निवृत्त यंत्र अभियंता, चिंचवड