'नवी प्रजाती सापडली' ही अर्धीच बातमी

मा. संपादक,

पावसाळा सरून पुणेकरांच्या गाड्या कोकणाकडे वळल्या, की खडकांतल्या डबक्यात दिसलेल्या रंगीत समुद्री गोगलगायींचे, म्हणजे सी स्लगचे, फोटो फिरू लागतात. पाठोपाठ 'नवी प्रजाती सापडली' असा मथळा येतो. एक तर स्पीशीजला मराठीत 'जाती' म्हणतात. वनस्पतिशास्त्राच्या मराठी लेखनात 'प्रजाती' हा जीनससाठीचा, म्हणजे जवळच्या जातींच्या गटासाठीचा, शब्द आहे. दुसरे म्हणजे, नवा प्राणी दिसणे आणि नवी जाती सिद्ध होणे यात बरीच वर्षे जाऊ शकतात. खोल समुद्रातली प्रकाशमान गोगलगाय बॅथिडेव्हियस कॉडॅक्टिलस प्रथम दिसली फेब्रुवारी २००० मध्ये. तिचे नाव आणि वर्णन प्रसिद्ध झाले २०२४ मध्ये.

मधल्या काळात काय होते, ते वाचकांना क्वचितच सांगितले जाते. गोगलगाय उचलून थेट स्पिरिटमध्ये टाकली की ती आक्रसून वाटाण्यासारखा गोळा होते. डोक्यावरची गंध घेणारी दोन शिंगे आणि पाठीवरचा कल्ल्यांचा तुरा आत ओढला जातो, आणि तपासायचे असते नेमके तेच. म्हणून ती जिवंत असतानाच, शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवून, वरून, बाजूने आणि तळपायाकडून फोटो घ्यायचे. रंगाचा पुरावा एवढाच, कारण जतन केलेल्या नमुन्याचा रंग उडतो. मग लिटरभर पाण्यात सुमारे ७५ ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइडचे स्फटिक विरघळवून ते द्रावण थोडेथोडे भांड्यात सोडायचे. सुई टोचूनही शिंगे आत जात नाहीत, इतकी ती सुन्न झाली की पायाचा बारीक तुकडा ९५ टक्क्यांवरच्या इथेनॉलमध्ये आणि बाकी शरीर फॉर्मालिनमध्ये. हा क्रम उलटा झाला तर डीएनए गेलाच समजा. फॉर्मालिन तो खराब करते.

पुढे मुखाचा गोळा कापून १० टक्के सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवतात. मांस विरघळते आणि दातांची पट्टी, रॅड्युला, उरते. तिच्यावर सोन्याचा पातळ थर देऊन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली रांगा मोजतात, प्रत्येक रांगेत मधला दात आहे का आणि बाजूला किती, हे पाहतात. (डेंड्रोडोरिस या गोगलगायीला दातच नाहीत, ती स्पंज हा समुद्री प्राणी शोषून खाते.) जननेंद्रियांची रचनाही लागते; पिल्लांमध्ये ती तयार झालेली नसते. त्यामुळे एकाच नमुन्यावर काम करणारा अडचणीत येतो: कापला तर नमुना गेला, न कापला तर पुरावा नाही.

सर्वात मोठी फसगत डीएनएच्या बाबतीत होते. जाती ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सीओआय जनुकातली सुमारे ६५८ अक्षरे डीएनएच्या जागतिक संग्रहाशी जुळली नाहीत की लोक 'नवी' म्हणून मोकळे होतात. पण न जुळण्याचे कारण अनेकदा एवढेच असते, की जुन्या जातीचा डीएनए कोणी तिथे टाकलेलाच नाही. निसर्ग अभ्यासक केलार्टने १८५० च्या दशकात श्रीलंकेच्या आणि आल्डर-हॅनकॉक या अभ्यासक जोडीने १८६४ मध्ये भारताच्या पूर्व किनाऱ्यावरच्या गोगलगायींची वर्णने छापली. ती चाळल्याशिवाय 'नवी' म्हणणे धाडसाचे आहे.

याउलट २०२४ च्या सुरुवातीला जाहीर झालेली मेलॅनोक्लॅमिस द्रौपदी पाहा. पश्चिम बंगालमधल्या दिघा आणि ओडिशातल्या उदयपूरच्या वाळूतली, जेमतेम ७ मिलिमीटरची, काळपट तपकिरी, मागच्या टोकाला माणकासारखा लाल ठिपका. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने ती जाहीर केली ती बाह्य रूप, आतली रचना आणि डीएनए या तिन्हींच्या आधारे.

म्हणून बातमीदारांनी तीनच प्रश्न विचारावेत. वर्णन कुठे छापले? (फक्त ऑनलाइन छापले असेल तर झूबँक या प्राणीनामांच्या अधिकृत नोंदवहीत नोंद हवी, नाहीतर नाव ग्राह्य ठरत नाही.) मूळ नमुना, म्हणजे होलोटाइप, कुठल्या संग्रहात आहे? जैवविविधता कायदा, २००२ च्या कलम ३९ नुसार तो नेमलेल्या संस्थेत जमा करावा लागतो. प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र आपल्या आकुर्डीतच आहे. आणि सर्वात जवळच्या जातीपेक्षा हिच्यात वेगळे काय?

हौशी मंडळींनी नमुना उचलू नये. मालवणच्या सागरी अभयारण्यात तर तो गुन्हाच ठरेल. तारीख, ओहोटीची वेळ, ठिकाण आणि ती कुठल्या स्पंजवर बसली होती हे लिहून ठेवावे, कारण खाद्यावरून ओळख पटायला मदत होते. दगड उलटला असेल तर हळूच पूर्वीसारखा ठेवा. त्याच्या खालच्या बाजूला बहुधा तिच्या अंड्यांची पांढरी फीत चिकटलेली असते.

– मृदुकाय प्राण्यांचे अभ्यासक, पुणे