डेमोला एक बाई, शिकवायला दुसऱ्याच: दहावीच्या गणित शिकवणीबाबत तक्रार

दि. 18 ऑगस्ट
नाशिक

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
घरपोच शिकवणी सेवा

विषय: राज्य मंडळाचा अभ्यासक्रम माहीत नसलेल्या शिक्षिका पाठवल्याबद्दल तक्रार आणि उरलेल्या तासांचे 13,500 रुपये परत मिळण्याबाबत

महोदय/महोदया,

माझी मुलगी यंदा दहावीला आहे. महाराष्ट्र राज्य मंडळ, सेमी इंग्रजी. मी एसटीत वाहक आहे, पत्नी परिचारिका. दोघांच्याही पाळ्या बदलत्या असतात. संध्याकाळी मुलीला क्लासला नेणारं-आणणारं घरात कुणी नाही, फक्त माझी आई असते. म्हणून घरी येऊन गणित शिकवणाऱ्या बाई हव्या होत्या. 25 जूनला आपल्या अ‍ॅपवर नोंदणी केली. फॉर्ममध्ये इयत्ता, विषय, पत्ता, वेळ एवढंच विचारलं होतं. मंडळ कुठलं, हा प्रश्नच नव्हता. मी शेऱ्याच्या रकान्यात ते मुद्दाम लिहिलं आणि आपल्या प्रतिनिधीला फोनवर दोनदा सांगितलं.

28 जूनला डेमोला आलेल्या बाई उत्तम होत्या. आल्या आल्या त्यांनी मुलीची नववीची उत्तरपत्रिका मागितली, कुठे चुकतं ते पाहिलं. गणिताचे भाग 1 आणि भाग 2 असे 40-40 गुणांचे दोन पेपर असतात, तिची भूमिती बरी आहे, बीजगणितावर जास्त वेळ देऊ, असं त्या म्हणाल्या. आम्ही त्याच रात्री 36 तासांचे 18,000 रुपये भरले. हे पैसे दिवाळीसाठी बाजूला ठेवलेले होते.

2 जुलैला दारात दुसऱ्याच ताई उभ्या होत्या. आधी फोन नाही, मेसेज नाही. विचारल्यावर ‘त्या मॅडम आता उपलब्ध नाहीत’ एवढंच उत्तर मिळालं. नव्या ताई अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनी, स्वभावाने चांगल्या, वेळेवर येणाऱ्या. पण त्यांचं स्वतःचं शिक्षण सीबीएसईचं आणि त्या शिकवायच्या एनसीईआरटीच्या पुस्तकातून. तिसऱ्या दिवशी आई मला म्हणाली, ‘अरे, हिचं पुस्तक दप्तरातच राहतं. त्या फोनमधलं दुसरंच काहीतरी दाखवतात.’ मी लगेच आपल्याला कळवलं. ‘गणित सगळीकडे सारखंच असतं सर’, असं उत्तर आलं.

ते सारखं नसतं, हे 24 जुलैच्या घटक चाचणीत कळलं. आदल्या संध्याकाळी मुलीने भाग 1 मधला सराव संच 1.3 उघडून ताईंसमोर ठेवला. त्यात डिटरमिनंट आणि क्रेमरची पद्धत आहे. ताई म्हणाल्या, हे बारावीला असतं, दहावीला नाही, सोडून दे. सीबीएसईच्या दहावीत ते नाही, हे खरंच आहे. आमच्या दहावीच्या पहिल्याच प्रकरणात आहे. मुलीने ऐकलं आणि सोडून दिलं. चाचणीत क्रेमरच्या पद्धतीवरच प्रश्न आला. तिने दोन्ही समीकरणं नीट उतरवून घेतली होती, त्याखाली अर्धं पान कोरं होतं. सही करायला पेपर माझ्यापुढे ठेवताना ती एवढंच म्हणाली, ‘पप्पा, मला वाटलं ताईंना माहिती असेल.’

त्या ताईंवर माझा राग नाही. मंडळ कुठलं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं, फक्त पत्ता आणि वेळ मिळाली, असं त्यांनी स्वतः कबूल केलं. मी दोनदा सांगितलेली गोष्ट आपल्या कार्यालयातून त्यांच्यापर्यंत पोहोचली नाही. माझी तक्रार या गोष्टीची आहे.

शिकवणी थांबवल्यावर आपल्या प्रतिनिधीने नवा पर्याय सुचवला: ‘एका नामांकित शाळेतल्या सरांना शाळा सुटल्यावर पाठवतो.’ शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 28 प्रमाणे शिक्षकांना खासगी शिकवणी घेता येत नाही. हे आपल्याला माहीत असायला हवं होतं. मी नकार दिला, तर ‘पॅकेजचे पैसे परत होत नाहीत’ असं सांगण्यात आलं. ही अट पैसे भरण्यापूर्वी कुणीही बोललं नव्हतं. ती नंतर आलेल्या पावतीच्या तळाशी बारीक अक्षरात आहे.

एकूण 9 तास शिकवणी झाली. त्याचे 4,500 रुपये मी मागत नाही, ताईंनी वेळ दिला आहे. उरलेल्या 27 तासांचे 13,500 रुपये मला परत हवेत. शिवाय मंडळ आणि माध्यम हे दोन रकाने फॉर्ममध्ये आजच घाला, आणि डेमोच्या बाई पुढे येणार नसतील तर तसं पैसे घेण्याआधी सांगा. माझ्यासारखे पालक पैसे भरतात ते डेमोला बसलेला माणूस बघून.

ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, 2020 प्रमाणे या तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एक महिन्यात व्हायला हवं. तसं न झाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवीन आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. पावती, चॅटचे स्क्रीनशॉट आणि घटक चाचणीच्या त्या पानाची प्रत सोबत जोडली आहे.

सहामाही परीक्षा जवळ आली आहे. पैसे हातात आले की राज्य मंडळाचं गणित शिकवणाऱ्या बाई लगेच ठेवायच्या आहेत, म्हणून उत्तर लवकर द्यावं ही विनंती.

आपला,
एक पालक
(नोंदणी क्रमांक सोबतच्या पावतीवर आहे)