कपाटाआधी तालीम

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, हायस्कूलच्या आठवी-नववीतल्या मुलांचं वाचन मंडळ काढायचं आणि त्यांनी प्राथमिक शाळेतल्या दुसरीच्या मुलांसोबत वाचायचं, हा तुमचा बेत फार आवडला. फक्त पुस्तकांच्या कपाटापासून सुरुवात करू नका. आधी मोठ्यांची तालीम.

दुसरीतली 10 मुलं घ्या आणि मोठी 12. वरचे दोघं बदली. मोठा आला नाही की लहानगं एकटं बसून राहतं, आणि असं दोनदा झालं की ते यायचंच बंद होतं. जोड्या सहामाहीपर्यंत मोडू नका.

शिक्षक हुशार मुलं पुढे करतील. त्यांत तीन-चार वाचताना अडखळणारी मुद्दाम घ्या. आठवीतल्या मुलाला दुसरीचं पुस्तक हातात धरायची लाज वाटते; पण लहानग्याला वाचून दाखवायचंय म्हटलं की तेच पुस्तक तो चारदा वाचतो. मला विचाराल तर मंडळाचा निम्मा फायदा इथेच आहे.

बुधवारी अर्धा तास त्यांची स्वतःची बैठक. शनिवारचं पुस्तक प्रत्येकाने दोनदा मोठ्याने वाचायचं आणि कुठल्या चित्रापाशी थांबायचं ते ठरवायचं. ‘काय बोध घेतलास?’ हा प्रश्न बंद. ‘आता काय होईल?’ एवढं पुरे.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर 30 मिनिटं. समोरासमोर नको, शेजारी बसायचं. पुस्तक लहानग्याच्या मांडीवर, पानंही त्यानेच उलटायची. 10 मिनिटं मोठ्या मुलाने वाचायचं, 15 मिनिटं लहानग्याने, उरलेल्या वेळात गप्पा. गडबड होते ती मधल्या 15 मिनिटांत. मूल जोडाक्षराला अडतं, ‘पुस्तक’चं ‘पुसतक’ करतं. मग मोठा एकतर झटकन शब्द सांगून टाकतो, नाहीतर ‘अर्ध्या स ला त जोड’ असं शिकवत बसतो आणि गोष्ट हातची जाते. मनात पाच आकडे मोजायचे, मग नुसता शब्द सांगायचा आणि वाक्य पहिल्यापासून वाचून घ्यायचं. एका पानावर पाचाहून जास्त शब्द अडले तर पुस्तक अवघड आहे. ते मोठ्या मुलाने वाचून संपवायचं, पुढच्या वेळी सोपं आणायचं.

पुस्तकं 25 पुरेत. प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेच्या पुस्तकांवर पातळी छापलेली असते. दुसरीला 1 आणि 2 घ्या. त्यांच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी पुस्तकं फुकट उतरवता येतात, आणि परवाना खुला असल्याने छापायलाही हरकत नाही. ‘किशोर’चे जुने अंक बुधवारच्या बैठकीला ठेवा, दुसरीला ते जड जातील.

आई, वही तू सांभाळ: तारीख, जोडी, पुस्तक, अडलेले शब्द. गुण मात्र देऊ नकोस, नाहीतर पालक लगेच नंबर विचारतील. आणि खोलीत कायम एक मोठं माणूस हवं, दार उघडं.

जूनमध्ये सुरू करू नका, तो प्रवेशांत आणि वह्यापुस्तकांत जातो, जुलै बरा. 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनाचं व्यासपीठ, हारतुरे कुणीतरी सुचवेलच. त्या दिवशीही नेहमीसारखंच वाचायचं.

छापायच्या पुस्तकांची यादी या आठवड्यात पाठवते. कागद ए-4 आडवा, अक्षर मोठं, पाठपोट नको. मागची शाई उमटते आणि मुलं ओळ चुकतात.

तुमची लेक