कौल मिळाला, पण नेमका कशाला?

ब्रेक्झिटवरचा, म्हणजे ब्रिटनच्या युरोपियन युनियनमधून बाहेर पडण्यावरचा, तुमचा अग्रलेख वाचला, त्यातलं ‘लोकांनी कौल दिला, विषय संपला’ हे मात्र अजिबात पटलं नाही. २३ जून २०१६ ला सार्वमताच्या मतपत्रिकेवर दोनच पर्याय होते, युरोपियन युनियनमध्ये राहायचं की बाहेर पडायचं, पण सिंगल मार्केट (सदस्य देशांची सामायिक बाजारपेठ) सोडायचं का, कस्टम्स युनियनचं (आपसात जकात नाही, बाहेरच्या मालावर सगळ्यांची एकच जकात) काय, यातलं एक अक्षरही त्यावर नव्हतं. ५२ टक्के लोक ‘बाहेर’ म्हणाले, त्यांचा मान ठेवायलाच हवा, पण प्रत्येकाच्या मनातलं ‘बाहेर’ वेगळं होतं, म्हणूनच तर तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांचा युनियनमधून बाहेर पडण्याचा करार २०१९ मध्ये संसदेने तीनदा फेटाळला आणि विरोधात मत देणाऱ्यांत त्यांच्याच पक्षातले कट्टर ब्रेक्झिटवालेही होते. तयार करार लोकांपुढे ठेवून परत एकदा विचारलं असतं तर त्यात लोकशाहीचा अपमान कसला? आणि ब्रिटनचाच भाग असलेल्या उत्तर आयर्लंडचं तर कुणी बोलतच नाही, तिथे जवळपास ५६ टक्के लोकांना युनियनमध्ये राहायचं होतं, १९९८ च्या शांतता करारानंतर मोकळी झालेली, शेजारच्या आयर्लंड या युनियनमधल्या देशाशी असलेली सीमा परत बंद व्हायला नको म्हणून आता उर्वरित ब्रिटनमधून तिथे येणारा काही माल बंदरावर तपासावा लागतो, म्हणजे देश एकच आणि तपासणी मधेच!

– एक वाचक, डोंबिवली