गोधडीचं आईला सांगू नकोस

ऑस्टिन, टेक्सस
14 मार्च 2021

प्रिय बाबल्या,

आधी शिव्या घालून घे. दिवाळीत तू पाठवलेल्या व्हिडिओला मी साधा अंगठासुद्धा दाखवला नाही, आणि आता चार महिन्यांनी एकदम पत्र. फोन करता आला असता. पण तुझा फोन कायम स्पीकरवर, आणि संध्याकाळी आमची आई तुमच्या खळ्यात बसलेली असते. हे तिच्या कानावर जाता कामा नये. वाचून झालं की चुलीत घाल.

आम्ही सगळे बरे आहोत. माझी साखर हद्दीत आहे, लस अजून मिळालेली नाही, अनू घरूनच शाळा करते.

पोवळ्यांची आणि माशांची टाकी गेली.

तू म्हणशील, "बरा झाला". म्हण. सात वर्षं ते म्हणायची वाट बघतोयस.

इथल्या थंडीचं तू बातम्यांत बघितलंच असशील. ऑस्टिनला उणे 14. इथली घरं उन्हाळ्याच्या हिशेबानं बांधलेली, थंडी म्हणजे आमच्यासाठी स्वेटर काढायचं निमित्त. 14 फेब्रुवारीच्या रात्री बर्फ पडत होता, अनू खिडकीला नाक लावून बसली होती. रात्री 1 वाजून 25 मिनिटांनी राज्याची वीज सांभाळणाऱ्यांनी वीज तोडायला सुरुवात केली. आलटून पालटून तोडू म्हणाले. आमच्याकडे दोनला गेली ती 17 तारखेला संध्याकाळी सहाला आली. 64 तास. नंतर कळलं की अख्खं जाळं कोसळायला 4 मिनिटं 37 सेकंद उरली होती, तेवढ्यात त्यांनी आवरलं. पावसात चार चार दिवस अंधारात बसणाऱ्या तुला 64 तासांचं काय सांगतो म्हणा.

मला जाग आली ती आवाज बंद झाला म्हणून. पंपाची घरघर सात वर्षं घरात होती, आम्हाला ती ऐकूच येत नसे. थांबली तशी ऐकू आली. खाली गेलो, टॉर्च मारला. 680 लिटर पाणी काचेसारखं स्थिर. दर्या कधी असा बघितलायस? मी नव्हता बघितला.

लोकांना वाटतं, मासे थंडीनं मरतात. आधी मरतात ते गुदमरून. पाणी हललं नाही की हवा आत शिरत नाही, आणि मासेच नाही, तर दगडाच्या भोकाभोकातले किडे आणि जंतूसुद्धा तोच प्राणवायू ओढत असतात. बॅटरीवर चालणारे हवेचे दोन पंप होते, ते लावले. गाडी दारात चालू ठेवून इन्व्हर्टरची वायर खिडकीतून आत घेतली, त्यावर एक पंप आणि 300 वॅटचा हीटर. हे सगळं सोमवार रात्रीपर्यंत चाललं, मग पेट्रोल तळाला गेलं. पेट्रोलपंपही बंद, त्यांनाही वीज लागते. खालच्या टाकीला इथे संप म्हणतात हे सांगितलं होतं ना तुला? तेव्हा तू विचारलेलंस, कोणाच्या मागण्यांसाठी. तर या वेळी संपानं खरोखरच संप केला.

मग गॅस. काडीनं शेगडी पेटवायची, आईनं दिलेल्या मोठ्या टोपात पाणी उकळायचं, बाटल्यांत भरून टाकीत तरंगत सोडायचं. दहा लिटर उकळतं पाणी म्हणजे 680 लिटरला जेमतेम एक अंश. तो एक अंश काच दोन तासांत खाऊन टाकायची. गणित्या मास्तरांनी हौदाची गणितं घातली तेव्हा आपण म्हणायचो, हौद एका नळानं भरतो आणि दुसऱ्यानं रिकामा होतो, असला येडा कोण असतो. मी आहे.

साडेपंचवीस अंश ठेवायचो मी पाणी. मंगळवारी सकाळी 20, बुधवारी पहाटे 16.

आता तुला आपलं 2014 चं धक्क्यावरचं भांडण आठवत असणार. मी नुकतीच टाकी मांडली होती आणि तुला कौतुकानं सांगत होतो: सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच, पाणी आणि दगड धरून टनभर वजन, मीठच चोवीस किलो लागलं. तू कवळी बसवल्यासारखा हसलास. "आमच्या दर्यात मीठ कोण मोजता रे?" मग मी चिडून तुला कॅल्शियम सांगितलं, क्षारता सांगितली, प्रवाळाचा तुकडा तोडून डिंकानं चिकटवला की नवं झाड कसं वाढतं ते सांगितलं. तुझं आपलं एकच, "हय दगड काढलो तर वाघ मारल्यासारखो गुन्हो, आणि तू थंय इकत घेतस." मी म्हटलं, हे समुद्रातून ओरबाडलेले नाहीत, लोकांच्या टाक्यांत वाढलेले आहेत. तू म्हणालास, पहिलो खंयसून इलो? त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी तुझ्या होडीच्या इंजिनाबद्दल काहीतरी लागट बोललो. ते मागे घेतो. इंजीन चांगलं होतं.

पण एक तुला कधी सांगितलं नाही. टाकीत पाणी भरून दगड रचल्यावर मासे लगेच सोडता येत नाहीत. आधी काहीतरी कुजवावं लागतं. कुजलं की अमोनिया होतो, तो खाणारे जंतू वाढतात, त्यांची घाण खाणारे दुसरे जंतू वाढतात, आणि पाच-सहा आठवड्यांनी पाणी जगवण्यालायक होतं. त्यासाठी मी एक मोठं सुंगट टाकीत सोडलं होतं. विद्या म्हणाली, "चांगलं तळून खायचं ते पाण्यात सडवायला तुला अमेरिकेत यावं लागलं?" मग दगडांवर तपकिरी साय, मग हिरवं शेवाळ केसांसारखं, मग वर्षभरानं जांभळा थर. तो जांभळा दिसला त्या दिवशी मी पेढे आणले. कॅल्शियम टिकवायला रोज रात्री थेंबथेंब पाण्यात काय सोडायचो माहितीये? चुन्याची निवळी. जर्मन नावाचा डबा, वीस डॉलर, आत बायआजीच्या चंचीतला चुना. दुकानदारानं खऱ्या अर्थानं चुना लावला.

आणि इतकं सगळं दशांशात मोजून माझं पोवळं 16 अंशांना लोळलं. तुझं पोवळं सिंधुदुर्गाच्या मागे दर पावसाळ्यात गढूळ, अर्धं गोडं पाणी पितं आणि दिवाळीला तुझ्या पर्यटकांसाठी पुन्हा उभं. तो व्हिडिओ मी तेव्हा बघितला होता. उत्तर दिलं नाही कारण हेवा वाटला.

मंगळवारी दुपारपासून माझं पोवळं सुटायला लागलं. फांद्याफांद्यांच्या जातीचं कातडं टोकाकडून सोलून निघतं, ओल्या कागदासारखं, खाली पांढरा सांगाडा. तू नाव ठेवलेला हळद्या रात्री एका कोपऱ्यात आडवा पडून कल्ले हलवत होता. सहा वर्षांचा होता. हवाईत कोर्टानं तसे मासे धरणं थांबवलंय, म्हणजे आता तिथला धरलेला मिळायचा नाही. बुधवारी पहाटे तो गेला. जोडीतली मोठी केशरी आधीच गेली होती. त्या जातीत मादी मेली की नराची मादी होते हे सांगितल्यावर तू महिनाभर वैनीला पिडत होतास. या वेळी नराला तेवढी सवड मिळाली नाही.

आता मूळ गोष्ट.

सोमवारी रात्री विद्या आणि अनू शेजारी गेल्या, त्यांच्याकडे गॅसवर चालणारी शेकोटी आहे. म्हटलं, येतो मागून. गेलो नाही. घरात पाच अंश होतं. काचेतून ऊब जाऊ नये म्हणून घरातली सगळी पांघरुणं टाकीला गुंडाळली, दोरीनं बांधली. एक बाजू उघडी राहत होती. कपाटात वर आईची गोधडी होती.

तीच. अनूच्या बारशाला पाठवलेली, आबांच्या धोतराचं अस्तर असलेली. आबांना जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते. तू स्वतः ती पोस्टात नेऊन शिवून घेतलीस आणि सांगितलंस की आईनं टाके मोजत मोजत घातलेत.

मी विचारसुद्धा केला नाही बाबल्या. विचार करून घेतली असती तर एक वेळ भांडता आलं असतं. हात वर गेला, गोधडी खाली आली, काचेला लागली. बाटल्या आतबाहेर करताना पाणी सांडत होतं, ते ती पीत राहिली.

मंगळवारी सकाळी विद्या घरी आली, अनूला काहीतरी गरम न्यायला. कपाट उघडलं, मग टाकीपाशी आली. गोधडीला हात लावला, हात नाकाशी नेला. "ही आईंनी अनूला पाठवलेली ना?" एवढंच. मग अनूचे दोन स्वेटर एकावर एक घेऊन गेली. त्याला महिना होत आला. घरात आम्ही बोलतो. दूध, कचऱ्याचा डबा, अनूचं गणित. टाकीबद्दल एक अक्षर नाही. आरडाओरडा केला असता तर मी तिला वीज मंडळावर ढकललं असतं. तिनं ती सोय ठेवली नाही.

बुधवारी संध्याकाळी वीज आली, पंप सुरू झाले आणि तळाचं सगळं वर आलं. तो वास. घरभर. विद्या दारातच थांबली, अनूनं नाक धरलं. मी मात्र तिथेच उभा राहिलो, कारण तो वास माझ्या ओळखीचा होता. तुझ्याही आहे. बायआजीची लोणच्याची बरणी.

1988. अमावस्येची सुकती, उजाडता उजाडता आपण किल्ल्याच्या मागच्या खडकांवर. अभयारण्य जाहीर होऊन वर्ष झालं होतं, आपल्याला कोण सांगणार. पोवळ्याच्या त्या दगडाची इवली इवली तोंडं पाण्याखाली उघडत होती आणि बोट लावलं की मिटत होती. कोयती तुझी, तुकडा मी काढला. बरणीत दर्याचं पाणी भरून माळ्यावर ठेवला. रात्री दोनदा जाऊन बघितला, दुसऱ्यांदा तोंडं उघडलीच नाहीत. तिसऱ्या दिवशी वासानं घर उठलं. बायआजीनं विचारलं, कोणी केलं? मी म्हटलं, बाबल्यानं. तिनं शिपटी काढली आणि तू माझ्याकडे बघत मार खाल्लास, एक शब्द न बोलता. मी माडाला टेकून उभा होतो.

तेहतीस वर्षं तू तो विषय काढला नाहीस. धक्क्यावरच्या भांडणातही नाही, आणि तेव्हा तो काढला असतास तर मी तिथेच गप्प झालो असतो.

हे विद्याला सांगायचा प्रयत्न केला, जमलं नाही. तिला वाटतं मी माशांसाठी रडतोय.

तुझं कसं आहे? होडीचे हप्ते सुरू झाले का? पर्यटक यायला लागलेत असं आई म्हणाली, दांडीच्या किनाऱ्यावर गर्दी असते म्हणे. पोरीची बारावी ना यंदा? परीक्षा होणार की नाही? गुडघा दाखव एकदा कोणाला तरी, तेल चोळून आयुष्य काढू नकोस. वैनीला नमस्कार.

एक विचारायचं राहिलं. 2017 मध्ये मी इथल्या एका म्हाताऱ्याला माझ्या हिरव्या पोवळ्याच्या झाडाची काडी दिली होती. या नादातले लोक काड्या वाटतातच. पुण्यबिण्य काही नाही त्यात, विरजणासारखं असतं: आपलं नासलं तर शेजारून मागून आणता यावं. त्याच्याकडे जनरेटर होता. परवा त्याचा फोन आला, तुझं झाड माझ्याकडे हातभर झालंय, कधी नेतोस? मी म्हटलं, सांगतो. अजून सांगितलेलं नाही. टाकी रिकामी आहे, पण पंप चालू ठेवलेत, आटलेलं पाणी रोज संध्याकाळी भरतो. दगडावर बटणासारखी मऊ जात आहे ती थोडी वाचली, आणि शंखातली एक कुर्ली. चिवल्याच्या किनाऱ्यावर अनूनं वेचलेला रिकामा शंख मी तळाला टाकून ठेवला होता. वर्षभर कोणी ढुंकून बघितलं नाही. मागच्या आठवड्यात बघतो तर तिनं जुना शंख सोडून त्यात बिऱ्हाड केलंय. अनूला दाखवलं. ती म्हणाली, "बाबा, आईला पण बोलावू?" मी म्हटलं, बोलाव. विद्या आली नाही, पण स्वयंपाकघरातून विचारलंन, "कुठल्या शंखात?"

आता गोधडीचं. बाथटबमध्ये तीन वेळा गोड्या पाण्यातून काढली, उन्हात घातली. मीठ गेलं, आबांच्या धोतराच्या बाजूला एक पिवळट डाग राहिलाय आणि दमट हवा असली की वास परत येतो. वैनी जाळ्यांना, कपड्यांना काय लावते ते विचार. रिठा? लिंबू? टाके उसवता कामा नयेत. आणि आई पाडव्याला व्हिडिओवर अनूला गोधडी दाखव म्हणणार, दर सणाला म्हणते. त्या दिवशी तू काहीतरी कर, खळ्यात जाऊन नेट घालव.

तुझा,
सुध्या

ता.क. पत्र चुलीत घालायच्या आधी बरणीचा परिच्छेद वैनीला वाचून दाखव. तू कधी सांगितलं नसशीलच, आणि तिला वाटत असेल की बायआजीचा मार तू तुझ्याच गुणांनी खाल्लास.