शिक्षकी पेशा निवडण्याची कारणे

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

5 सप्टेंबर जवळ आला की शिक्षकांविषयी दोन प्रकारचे बोलणे हमखास ऐकू येते. व्यासपीठावर आमच्या त्यागाचे गोडवे गायले जातात आणि तेच वक्ते घरी गेल्यावर आपल्या मुलांना बजावतात, की दुसरे काही जमले नाही तर डी.एड. आहेच. नाशिक जिल्ह्याच्या पेठ तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या एका द्विशिक्षकी शाळेत मी लहान वर्गांना शिकवते. हा पेशा मी त्यागापोटी स्वीकारला नाही आणि नाइलाजानेही नाही, म्हणून माझी कारणे मांडण्याचे धाडस करत आहे.

मी नाशिकरोडला वाढले. बारावीत असताना शेजारची लहान मुले संध्याकाळी आमच्याकडे गृहपाठाला बसत. त्यांपैकी एका मुलाची वजाबाकी सतत चुके. 52 मधून 27 वजा करताना तो 35 लिही आणि 41 मधून 19 वजा करताना 38. घरचे त्याला आळशी म्हणत. मला मात्र त्या चुकांमध्ये एक शिस्त दिसली: प्रत्येक स्थानी तो मोठ्या अंकातून लहान अंक वजा करत होता, मग तो अंक वर असो वा खाली. त्याने स्वतःपुरता एक नियम शोधला होता आणि तो अत्यंत प्रामाणिकपणे पाळला होता. आइस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधून त्याच्यासमोर ठेवले, एक गठ्ठा त्यालाच सोडायला लावला, तेव्हा सात काड्या कोठून द्यायच्या हे त्याला उमगले. गणित मला आधीपासून आवडत असे. परंतु गणित दुसऱ्याच्या डोक्यात कसे घडते अथवा बिघडते हे शोधण्यात जो आनंद होता, तो मला स्वतः उदाहरणे सोडवण्यात कधीच मिळाला नव्हता. अभियांत्रिकीला जाता येईल इतके गुण असूनही मी डी.एड.चा अर्ज भरला तो यामुळे.

दुसरे कारण उघड व्यवहाराचे होते. त्या काळी डी.एड. झाले की नोकरी लवकर लागे, आणि माझ्या बहुतेक वर्गमैत्रिणी त्याच हिशेबाने आल्या होत्या. त्यात कमीपणा मानण्यासारखे काहीही नाही. शिक्षणसेवक म्हणून दरमहा 3000 रुपये मानधन होते आणि तीन वर्षांनी कायम वेतनश्रेणी मिळणार होती. घरची शिस्त अशी की तेवढ्यात भागले. हे मानधन 2023 पासून प्राथमिकसाठी 16000 रुपये झाले आहे. तथापि नोकरीचा तो भरवसा आज उरलेला नाही. 2012 नंतर भरती दीर्घकाळ थंडावली, पदविका हाती असलेली मुले वयोमर्यादेकडे पाहत बसली, आणि आता टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा, अभियोग्यता चाचणी व ऑनलाइन भरतीचे पवित्र पोर्टल एवढे टप्पे ओलांडावे लागतात. कोणाही तरुणाला या वाटेने येण्याचा सल्ला देताना हे त्याच्यापासून लपवू नये.

तिसरे कारण मला नोकरी लागल्यानंतर सापडले. आमच्या शाळेतील बहुतेक मुलांच्या घरी कोकणा या आदिवासी समाजाची बोली बोलली जाते. पहिलीतील मूल वस्तू ओळखते, मोजते, तिच्याविषयी खूप काही सांगूही शकते. मात्र पुस्तकातील प्रमाण मराठी शब्द त्याच्या कानावर नवा असतो, आणि अनोळखी पाहुण्याला ते मूल मंद वाटते. मुलांकडूनच मी त्यांची बोली शिकत गेले आणि कित्येक अडलेले धडे मार्गी लागले. दिवाळीनंतर काही कुटुंबे द्राक्षबागांच्या कामासाठी दिंडोरी-निफाडकडे जातात. मुले परततात तेव्हा कोणाचे वाचन कोठे थांबले आहे हे प्रत्येकाजवळ बसून नव्याने तपासावे लागते. हे काम कंटाळवाणे वाटेल, प्रत्यक्षात ते तसे नाही. निदान चुकले तर उपायही चुकतो, त्यामुळे इतक्या वर्षांनीही मला तयारी केल्याशिवाय वर्गात जाता येत नाही.

त्यागाची भाषा मला खटकते ती याच कारणाने. शिक्षकाला त्यागमूर्ती ठरवले की त्याच्या कामाला बुद्धी लागते हे नजरेआड होते, आणि त्याचा वेळ कोणत्याही कामासाठी मागायला संकोच वाटेनासा होतो. शिक्षणहक्क कायद्याच्या 27 व्या कलमाने जनगणना, आपत्ती निवारण व निवडणुका यांखेरीज अशैक्षणिक कामे शिक्षकांना देण्यास मनाई केली आहे. तरीही पोषण आहाराच्या नोंदी, निरनिराळी ऑनलाइन माहिती आणि ऐनवेळी मागितले जाणारे अहवाल यांत दोन शिक्षकांच्या शाळेचा किती वेळ जातो, हे अशा शाळेत काम करणाऱ्या कोणालाही विचारावे. (मतदारयादीचे काम तर निवडणुकीच्या नावाखाली वर्षभर चालू शकते.) एक शिक्षक बैठकीला गेला की दुसऱ्यापुढे सगळे वर्ग एकत्र बसतात, त्या दिवशी कोणाचीही चूक बारकाईने पाहणे शक्य होत नाही.

बारावीच्या निकालानंतर आपले दैनिक करिअरविषयी मार्गदर्शन छापतेच. त्यात अध्यापनाविषयी लिहिताना प्रवेशाच्या अटी व वेतन यांबरोबर एक सूचना द्यावी, अशी माझी विनंती आहे. शाळा जूनच्या मध्यास सुरू होतात. ज्यांना डी.एल.एड. (पूर्वीचे डी.एड.) करावेसे वाटते त्यांनी मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन आठवडाभर जवळच्या शाळेतील पहिली-दुसरीच्या वर्गात मागे बसावे आणि एकाच मुलाची वही रोज पाहावी. त्या वहीतील चुका का झाल्या हे शोधावेसे वाटले तर अर्ज जरूर भरावा. त्या पाहून नुसता वैताग आला तर दुसरा अभ्यासक्रम निवडण्यास तेव्हा पुरेसा अवधी असतो.

आपली विश्वासू,
एक प्राथमिक शिक्षिका, नाशिकरोड
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)