टॉवेल टाकायला उशीर नको

संपादक महोदय,
१५ नोव्हेंबर २०२४ च्या लढतीत ५८ वर्षांचा बॉक्सर माइक टायसन आठ फेऱ्या उभा राहिला, याचं कौतुक इथे रत्नागिरीच्या नाक्यावर अजून होतं. पण त्या फेऱ्या तीनऐवजी दोनच मिनिटांच्या होत्या आणि ग्लोव्ह्ज १४ औंसांचे, हे कुणी सांगत नाही. म्हणून सांगतो, टॉवेल टाकायला, म्हणजे बॉक्सरच्या कोपऱ्यातून लढत थांबवायला, उशीर करू नये.

उतरत्या बॉक्सरचे आधी पाय जातात. ठोसा दिसतो, पण बाजूला सरकायला अर्धं पाऊल कमी पडतं. मग तो सरळ रेषेत मागे जातो आणि दोराला टेकतो. जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) मारल्यावर डावा हात गालाशी परतायच्या ऐवजी छातीपर्यंतच येतो. उजवा ठोसा बसतो तो त्याच फटीतून. २ ऑक्टोबर १९८० ला लास व्हेगासमध्ये ३८ वर्षांच्या मुहम्मद अलीचं हेच झालं. अंग सडपातळ दिसत होतं खरं, पण थायरॉइडच्या गोळ्यांनी त्यातलं पाणी आणि दम दोन्ही गेले होते. दहाव्या फेरीनंतर कोपऱ्यातून त्याचे प्रशिक्षक अँजेलो डंडींनी लढत थांबवली. तरी डिसेंबर १९८१ मध्ये अली पुन्हा उतरलाच!

आपल्याकडे तर पत्र्याच्या शेडमध्ये, दमट उकाड्यात सराव चालतो. सरावाआधी आणि नंतर वजन करा. एक किलो घटलं म्हणजे साधारण लिटरभर पाणी गेलं. वजन बसवायला पाणी तोडून कुणाला रिंगणात उतरवू नका. डोक्याला मार लागून लढत थांबली, तर किमान ३० दिवस स्पारिंगही (सरावातली लढत) बंद.

– एक मुष्टियुद्ध प्रशिक्षक, रत्नागिरी